कुशीवरची खूण

भावोजींना खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचा सगळ्यांत जास्त ताप ताईला झाला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या आईनं मोठ्या हौसेनं त्यांच्यासाठी एक स्वेटर विणला. भावोजींनी तो घातला, आरशासमोर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "यात मी सर्कशीतला दिसतो, पण ऊब चांगली आहे." आई आठवडाभर जावयाशी बोलली नाही. ताईनं पुढे कितीतरी वर्षं त्यांना शिकवून पाहिलं, की अहो, कधीकधी नुसतं "छान आहे" म्हणून मोकळं व्हावं. नाही जमलं. शेवटी त्यांनी बोलणंच कमी केलं.

आधी ते एका दुकानात मापं काढायचे, कापडाची, पडद्यांची, गालिच्यांची. गिऱ्हाईक म्हणायचं, "हा रंग शोभेल ना?" आणि भावोजी म्हणायचे, "नाही." दुकानदारानं दोन वर्षं कळ काढली आणि मग हात जोडले. तेव्हा मी त्यांना आमच्या संशोधन केंद्राच्या गोठ्यात लावून दिलं. म्हटलं, गाई काही मत विचारणार नाहीत. ती नोकरी मी लावली हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायच्या आत मी हात वर केलेला बरा.

आमच्या केंद्राच्या दोन इमारती. पुढे प्रयोगशाळा, मागे गोठा, मधे शंभर पावलांची खडीची वाट आणि वाटेच्या दोन्ही टोकांना बूट बुडवायचे निळ्या औषधाचे ट्रे. मी पुढच्या इमारतीतली. गोठ्यातली माणसं मला सुईवाली म्हणतात. माझं काम सांगायला सोपं आणि करायला डोळे फोडणारं. कत्तलखान्यातून गाईंचे बीजकोश कोमट खारट पाण्याच्या थर्मासमध्ये येतात. त्यातून बीजांडं ओढून काढायची, एक दिवस उबेत पिकू द्यायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक धरून केसापेक्षा बारीक काचेच्या नळीनं त्यातलं केंद्रक काढून टाकायचं. अशा रिकाम्या केलेल्या बीजांडात दुसऱ्याच एका गाईच्या कानाच्या कातडीची एक पेशी सरकवायची, विजेचा हलका झटका द्यायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. त्या एका पेशीनं आपण कानाची कातडी आहोत हे विसरून पुन्हा पहिल्यापासून अख्खी गाय व्हायला लागायचं, एवढीच आमची अपेक्षा असते. बहुतेक वेळा ती विसरत नाही. मग सकाळी बशी उघडली की आत करडा चुरा दिसतो आणि मी तो टाकून देते. विसरलीच, तर जे तयार होतं ते आमचं बी, ते गोठ्यातल्या एखाद्या गाईच्या पोटात ठेवतात.

ज्या गाईची ती कातडी, तिला मी पाहिलंही नाही. एका साथीत एका कळपातली एकशेचाळीस जनावरं आठ दिवसांत गेली आणि ही एकटी उभी राहिली. साध्या शिंकेएवढाही त्रास तिला झाला नाही म्हणतात. पुढे म्हातारी होऊन मेली. मरायच्या आधी तिच्या कानाचा नखाएवढा तुकडा कुणीतरी काढून ठेवला, त्यातून पेशी वाढवल्या आणि त्या नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या. तिचा फोटो आमच्या प्रयोगशाळेत लावलेला आहे. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चेहऱ्यावर 'तुम्ही कोण?' असा भाव. मोठ्या डॉक्टरांना ती गाय परत हवी होती. मलाही हवी होती, खोटं कशाला बोलू.

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे प्रमुख. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण गोठ्यातून पुढच्या इमारतीत आले की सगळे उभे राहतात.

भावोजींना गोठ्यात काम मिळालं ते मापाचंच, हा एक योगायोग. आमचं बी पोटात घेतलेल्या गाईंना एक दुखणं फार होतं. वासराभोवतीचं पाणी भराभर वाढत जातं. साधी गाभण गाय मागून पाहिली तर उजवीकडे फुगलेली दिसते, कारण डावीकडे तिचं चाऱ्याचं पोट असतं. पाणी भरलं की दोन्हीकडे फुगते, पिंपासारखी. वासरू वाढतंय की पाणी, हे लवकर कळायला रोज पोटाचा घेर मोजायचा. सकाळी साडेसहाला, चारापाण्याच्या आधी, रोज त्याच जागी. जागा चुकू नये म्हणून कुशीवरचे केस बोटभर रुंद कातरून खूण करायची आणि टेप बरोबर त्या खुणेवरून फिरवायची. आकडा गाईच्या डोक्यावर टांगलेल्या कार्डावर लिहायचा. दर शुक्रवारी ती कार्डं मी नकलून घ्यायची आणि सोमवारी मोठे डॉक्टर ती वाचायचे.

भावोजी हे काम इतक्या निष्ठेनं करायचे की आम्ही त्यांची टिंगल करायचो. टेप ताणली जाते म्हणून दर महिन्याला ती लाकडी पट्टीला लावून तपासायचे. गाईनं श्वास आत घेतला असेल तर सोडेपर्यंत थांबायचे. एकदा मी म्हटलं, "भावोजी, ताईच्या कमरेचं माप इतक्या प्रेमानं कधी घेतलं होतं का?" तर शांतपणे म्हणाले, "घेतलं होतं. तिनं कार्डावर लिहू दिलं नाही."

दोन वर्षांपूर्वी बावीस नंबरच्या गाईचं झालं. आठव्या महिन्यात तिचा घेर एका आठवड्यात नऊ सेंटीमीटर वाढला. भावोजींनी आकडा लिहिला आणि शुक्रवारची वाट न पाहता खडीच्या वाटेवरून धावत पुढच्या इमारतीत आले. बूटसुद्धा बुडवले नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी त्याच दुपारी गाय टेबलावर घेतली. तेव्हा तसाच नियम होता, पाणी भरलं की पोट उघडायचं आणि वासरू वाचवायचं. पोट उघडलं आणि पाणी एकदम बाहेर आलं. इतका मोठा भार एका क्षणात हलका झाला, की तिचं हृदय बसलं. वासरू आधीच गेलेलं होतं. तिचं डोकं भावोजींच्या मांडीवर होतं, कारण दुसऱ्या कुणी धरलं की ती बुजत होती.

संध्याकाळी ताईनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "सकाळी ती चारा खात होती. मी आकडा लिहिला म्हणून तिला नेलं." ताई म्हणाली, "अहो, तुम्ही तुमचं काम केलंत." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

त्यानंतर मोठे डॉक्टर गोठ्यात आले की भावोजी दुसऱ्या टोकाला जाऊन काहीतरी धुवायला लागायचे.

पुढच्या खेपेला आम्ही अकरा गाईंच्या पोटात बी ठेवलं. पस्तीस दिवसांनी सोनोग्राफीत पाच गाईंच्या पोटात ठोके दिसले. तीन महिन्यांनी दोन उरले. पाच महिन्यांनी एकच गाय गाभण राहिली, एक्केचाळीस नंबर. माझ्या वहीप्रमाणे या एका ठोक्यासाठी मी तेराशे बारा बीजांडं रिकामी केली होती.

एक्केचाळीस नंबरला भावोजी आत्याबाई म्हणायचे. त्यांच्या सख्ख्या आत्यावरून. पाणी समोर ठेवलं की आधी वास घेणार, मग बादलीकडे पाहणार, मग माणसाकडे पाहणार आणि उपकार केल्यासारखी तोंड घालणार. चाऱ्यातली एखादी काडी आवडली नाही तर ती वेगळी काढून बाजूला ठेवायची. भावोजी तिच्याशी बोलायचे. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस गोठ्यात आत्याबाईला अख्खा दिवस ऐकवायचा, ताईच्या गुडघ्याचं, छपराच्या गळतीचं, माझ्या तिखट जिभेचं. उजव्या कुशीत मूठ दाबून धरायचे. आतून वासराची ढुशी आली की म्हणायचे, "हं, हजर आहे."

सहाव्या महिन्यात पुढच्या इमारतीत मीटिंग झाली. बावीस नंबरचं प्रकरण मोठ्या डॉक्टरांनाही लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी नवा नियम वाचून दाखवला. आठवड्यात पाच सेंटीमीटरहून जास्त वाढ झाली तर गाय उघडायची नाही. लगेच इंजेक्शनं द्यायची, दोन दिवसांत ती वासरू टाकेल, पाणी हळूहळू जाईल, गाय वाचेल. वासराची आशा सोडायची. "लवकर कळलं तरच हे जमतं," ते म्हणाले, "गाय बसली की मग काही खरं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोठ्यात तुमचे भावोजीच आहेत ना? तुम्हीच सांगा त्यांना. मला पाहिलं की त्यांच्या हातातली बादली सांडते." गोठ्यातल्या माणसांना मीटिंगला बोलवायची आमच्याकडे पद्धत नाही. कागदाची घडी मी कोटाच्या खिशात घातली.

मी ते भावोजींना सांगितलं नाही. पहिल्या दिवशी विसरले, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी आठवलं आणि उद्या सांगू म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी विचार केला. भावोजींना मी ओळखत होते. गाय वाचते हे कळलं असतं तर ते पाचाची वाट पाहत बसले नसते. चाराला, तिनाला धावत आले असते. आणि एखाद दिवशी गाय जास्त पाणी प्यायली तरी तीन सेंटीमीटर वाढतात. इंजेक्शन एकदा टोचलं की परत घेता येत नाही. माझ्या तेराशे बारांतलं उरलेलं एक अशा घाईपायी गोठ्याच्या मोरीत वाहून जाईल, ही भीती माझ्या मनात बसली. सांगायचं तर आहेच, पण थोडे दिवस जाऊ देत, असं मी स्वतःला बजावत राहिले. पंधरा दिवसांनी कोट धुलाईला गेला आणि खिशातल्या कागदाचा कडक गोळा होऊन परत आला. तो मी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

आठवा महिना संपत आला. कार्डावरचे आकडे दृष्ट लागण्याजोगे होते. दोनशे छत्तीस, दोनशे सदतीस, दोनशे अडतीस, पुन्हा दोनशे अडतीस. शुक्रवारी नकलताना मला गाणं सुचायचं. मोठे डॉक्टर आत्याबाईच्या पोटातल्या ठोक्याची फीत घेऊन बारा दिवसांसाठी बाहेरगावी परिषदेला गेले. जाताना त्यांनीही कार्डच पाहिलं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, मी गोठ्यात गेले. काम काही नव्हतं. आकडे इतके चांगले होते की एकदा डोळ्यांनी पाहावंसं वाटलं.

भावोजी आत्याबाईला खरारा करत होते. मला पाहिलं आणि तिच्या कुशीला पाठ लावून उभे राहिले. "ये ये," म्हणाले, "बस. स्टूल घे. आज ऊन फार आहे नाही? ताईचा गुडघा आज बरा आहे. सकाळी स्वतः जिना उतरली. छपराचं काम करायला तो माणूस येतो म्हणाला होता, पण आला नाही अजून." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. बावीस वर्षांत इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मी स्टूलवर बसले नाही. गाईच्या मागे जाऊन उभी राहिले. तिची डावी बाजू उजवीइतकीच बाहेर आली होती. मागचे पाय तिनं फाकवून रोवले होते आणि श्वास तोंडानं चालला होता. पुढे चारा तसाच पडला होता, आणि त्यातली एकही काडी तिनं वेगळी काढली नव्हती.

मग मला कुशीवर खूण दिसली. ताजी कातरलेली, बोटभर रुंद. आणि तिच्या मागे, वीतभर अंतरावर, दुसरी. ती अर्धवट भरून आलेली. त्यांच्या मधेही एक होती, तिथे केस नुकतेच परत उगवायला लागलेले. खूण दर काही दिवसांनी पुढे सरकवली होती, फासळ्यांकडे, जिथे गाय निमुळती होते.

"घेर किती भरला?" मी विचारलं.

"दोनशे अडतीस," भावोजी म्हणाले. "मी खोटा आकडा लिहीत नाही."

"माहीत आहे मला."

मी मूठ करून आत्याबाईच्या उजव्या कुशीत दाबली. कातडी तंबूसारखी ताणलेली होती आणि आत नुसतं पाणी हेलकावत होतं. मी वाट पाहिली. ढुशी आली नाही.

"झोपलं असेल," मी म्हणाले.

"झोपलं असेल," भावोजी म्हणाले.

मला काहीच कळलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मला सगळं कळलं होतं. खडीच्या वाटेनं परत येताना मी दिवस मोजत होते. आज दोनशे पंचावन्नावा दिवस. दोनशे सत्तरपर्यंत गेली तर वासराची फुप्फुसं तयार होतील. पंधरा दिवस. फोन टेबलावर होता आणि मोठ्या डॉक्टरांचा नंबर मला पाठ होता. मी संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस बीजांडं रिकामी केली. एकही फुकट गेलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी मी कार्ड नकललं. शनिवारी गोठ्याकडे गेलेच नाही.

रविवारी सकाळी मी दात घासत होते तेव्हा भावोजी दारात उभे राहिले. पायांत गोठ्यातले बूट तसेच होते. "ती उठत नाही," एवढंच म्हणाले.

मी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुपारी बारापर्यंत पोचले, थेट प्रवासाच्या कपड्यांत. आत्याबाई एका कुशीवर पडली होती आणि पोट इतकं मोठं होतं की वरचे दोन्ही पाय जमिनीला टेकत नव्हते. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, गाईकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. नळी घालून पाणी थोडंथोडं काढायला लावलं. आम्ही बादल्या मोजत होतो. सोळाव्या बादलीनंतर मोजणं सोडलं. वासरू ओढून काढायला चार माणसं लागली.

वासरू जिवंत होतं. कालवड होती. साध्या वासराच्या दीडपट, जीभ सुजलेली, नाळ माझ्या मनगटाएवढी जाड. अंग तांबूस. कपाळावर पांढरा ठिपका, फोटोतल्यापेक्षा दोन बोटं डावीकडे. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर तोच भाव होता. मी तिच्यासाठी दोन वर्षं काम केलं होतं, आणि त्या क्षणी मला ती नकोशी झाली, तिथून पळून जावंसं वाटलं.

आत्याबाई चार वाजता गेली. डोकं भावोजींच्या मांडीवर होतं. कालवड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वास ओढत राहिली. भावोजींनी तिला बाटलीनं दूध पाजायचा प्रयत्न केला, पण तिला गिळता येत नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आकडे कसे काय असे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "शेवटच्या तीनचार दिवसांत एकदम भरलं असेल. होतं असं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि कागदावर तसंच लिहिलं.

त्या आठवड्यात ताईनं मला घरी बोलावलं. भावोजी जेवत नव्हते. मी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते आणि समोर टेपची गुंडाळी होती. ताई ओट्याशी पाठ करून उभी होती, पण तिचे कान आमच्याकडेच होते.

"मी खूण सरकवली," ते म्हणाले. "दोन वेळा. आकडा खोटा लिहायचा प्रयत्न केला आधी. हात चालेना. मग खूण सरकवली. टेप खरीच होती, आकडा खराच होता."

मी खुर्ची ओढून समोर बसले.

"खरं माप लिहिलं असतं तर त्यांनी तिला कापलीच असती. बावीसला कापलं तशी. म्हटलं, निदान उभी तरी राहील, खाईल तरी. कदाचित विईल नीट." त्यांनी टेप उचलली आणि परत ठेवली. "तू तिकडे असतेस. तुला माहीत असेल. कापलीच असती ना?"

ताईच्या हातातलं भांडं थांबलं. मला वाटलं, आता सांगावं. त्या कागदाच्या गोळ्यासकट सगळं सांगून टाकावं. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. या माणसाला, की तुम्ही टेप खरी लावली असती तर ती आज चारा निवडत उभी असती, हे कसं सांगायचं? असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. त्यांची दया आली म्हणून मी गप्प बसले, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला भीती वाटली.

"हो," मी म्हणाले. "कापलीच असती."

भावोजींनी मान डोलावली. थोड्या वेळानं ताट पुढे ओढलं आणि चार घास खाल्ले. जाताना ताईनं दारात माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं तू आलीस. तुझं म्हटलेलं ते ऐकतात." तिचा हात ओला होता. मी तो सोडवून घेतला.

सात महिने झाले. आम्ही पुन्हा बी ठेवलं, यंदा नऊ गाईंच्या पोटात. कान तोच. तीन दिवसांपूर्वी शेवटची तपासणी झाली आणि एक गाय गाभण राहिली, सत्तावन्न नंबर. सहावा महिना लागलाय. मोठे डॉक्टर मीटिंगमध्ये म्हणाले, "नियम मागच्यासारखाच. गोठ्यात माहीत आहे ना सगळ्यांना?" आणि मी तोंडातून आवाज निघायच्या आत मान हलवली.

दोन रात्री झोप लागली नाही. काल सकाळी सव्वासहाला मी बूट बुडवून गोठ्यात गेले. भावोजी सत्तावन्न नंबरपाशी कातरी घेऊन उभे होते. त्यांनी या गाईला नाव ठेवलेलं नाही, तिच्याशी बोलतही नाहीत. पण मी पाहिलं, कातरी त्यांनी फासळ्यांपासून दोनच बोटांवर टेकवली होती. खूण पहिल्याच दिवशी पुढे करायची होती त्यांना, म्हणजे नंतर सरकवायला नको.

"भावोजी," मी म्हणाले, "आता कापत नाहीत. इंजेक्शन देतात आणि वासरू जाऊ देतात. लवकर कळलं तर गाय वाचते."

ते माझ्याकडे वळले. "चांगलं आहे," म्हणाले. "कधीपासून?"

मी खोटं बोलू शकले असते. मला येतं.

"आत्याबाईच्या सहाव्या महिन्यापासून. तुम्हाला सांगायला मलाच सांगितलं होतं. मी नाही सांगितलं. मला वासरू हवं होतं. आणि त्या गुरुवारी मला खुणाही दिसल्या होत्या, तिन्ही."

गोठ्यात गाई रवंथ करत होत्या. भावोजींच्या हातातली कातरी उघडी होती. त्यांनी ती हळूच मिटली. त्यांनी आरडाओरडा केला असता, तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. समोरच्या रिकाम्या खुंट्याकडे, जिथे एक्केचाळीस बांधलेली असायची, तिकडे पाहत होते.

"टेबलाशी मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी जेवलो त्या दिवशी."

त्यांनी पुन्हा कातरी उघडली, हात मागे नेला आणि कुशीवर, बरोबर जिथे असायला हवी तिथे, बोटभर रुंद खूण कातरली. मग टेप काढली. इतकी वर्षं ते एकट्यानंच माप घेत आले, टेपचं टोक गाईच्या पाठीवर एका हातानं दाबून. काल त्यांनी ते टोक माझ्यापुढे धरलं.

"रोज साडेसहाला यायचं," ते म्हणाले. "टोक तू धरायचं. आकडा तू वाचायचा, मोठ्यानं. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला. आणि तुझ्यावर तर मुळीच नाही."

मी काल आले. आज पुन्हा आले. गाईनं श्वास सोडेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. टेप खुणेवर नीट बसली आहे ना, हे त्यांनी वाकून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. कालचा आकडा दोनशे अठरा होता. मी आजचा आधी मनात वाचला, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, टेपचं टोक थोडं ढिलं सोडावंसं वाटलं.

"दोनशे बावीस," मी मोठ्यानं म्हणाले.

भावोजींनी कार्डावर आकडा लिहिला. मग पेन्सिल खिशात ठेवून ते माझ्या पुढे खडीच्या वाटेला लागले, आणि मी धावत त्यांच्या मागे गेले.